ओसी या दोन अक्षरांचे सहा हजार तीनशे

पत्र थोडक्यात असं: वाचक जळगावचा, वय २४, एका सीएच्या ऑफिसात नोकरीला. कॉम्प्युटर कॉलेजात असताना जुळवलेला. तेव्हा ग्राफिक्स कार्डांचे, म्हणजे पडद्यावरचं चित्र तयार करणाऱ्या कार्डांचे, भाव आभाळाला भिडले होते, म्हणून रायझेन ५ ५६००जी प्रोसेसर घेऊन त्याच्यातल्याच ग्राफिक्सवर भागवलं. आता दीड वर्ष पैसे बाजूला टाकून स्वतःच्या कमाईचं पहिलं कार्ड घ्यायचंय. मॉनिटर फुल एचडी, ७५ हर्ट्झचा. संध्याकाळी दोन-तीन तास गेम आणि अधूनमधून मित्रांच्या लग्नाचे व्हिडिओ एडिट करणं, एवढा वापर. दुकानात एनव्हिडियाच्या आरटीएक्स ५०६० ची दोन कार्डं दाखवली: दोन पंख्यांचं साधं २९,५०० रुपयांना, डब्यावर चिपचा वेग २,४९७ मेगाहर्ट्झ, आणि तीन पंख्यांचं ‘ओसी’, म्हणजे कारखान्यातूनच ओव्हरक्लॉक करून, चिपचा ठरलेला वेग वाढवून, आलेलं, ३५,८०० ला, डब्यावर २,५९५ मेगाहर्ट्झ. पुण्याचा मामेभाऊ म्हणतो, “ओसीच घे, नाहीतर पस्तावशील.” दुकानदार म्हणतो, “ओसी घ्या, पाच वर्षं बघायला नको.” वडील म्हणतात, कंपनीने आधीच ताणून विकलेली वस्तू लवकर जळणार. वाचकाचा प्रश्न असा की सहा हजार तीनशे रुपये जास्त घालावेत का? आणि पत्राच्या शेवटी एक ओळ: “एकदाच घेतोय, तर हलकं नको असं वाटतं.”

मित्रा,

‘हलकं नको’ हे तू शेवटी लिहिलंस, पण तुझं पत्र तिथूनच सुरू झालं असावं. दीड वर्ष पैसे साठवलेल्या माणसासमोर दोन डबे ठेवून एकाला ‘साधं’ म्हटलं, की दुसरा आपोआप ‘चांगला’ ठरतो. साडीच्या दुकानात आधी मुद्दाम एक फिकी साडी पुढ्यात टाकतात ना, तसं. तेव्हा ‘साधं’ म्हणजे नेमकं काय, ते आधी बघू.

दोन्ही डब्यांतली चिप एकच आहे. एनव्हिडिया ही चिप कार्ड बनवणाऱ्या कंपन्यांना देते, आणि ५०६० च्या बाबतीत तर एनव्हिडियाचं स्वतःच्या नावाचं कार्डच नाही. बाजारात जे आहे ते सगळं या कंपन्यांचं. ३,८४० कोअर (हिशोब करणारे चिपमधले छोटे भाग), ८ जीबी जीडीडीआर७ मेमरी, तिचा सेकंदाला ४४८ जीबीचा वेग, हे २९,५०० च्या कार्डात आहे तेच ३५,८०० च्या कार्डात. कापड एकाच ठाणातलं, शिंपी वेगळा. आता सगळ्याच शिंप्यांकडे एकच कापड असेल, तर गिऱ्हाईक आपल्या दुकानात चढावं कसं? मग कोणी बटणं चमकदार लावतो, कोणी कॉलर ताठ करतो. लुकलुकणारे दिवे, तिसरा पंखा आणि ‘ओसी’ ही दोन अक्षरं त्यातलीच. तिसरा पंखा कधी कधी खरोखर कामाचा असतो, त्याच्याकडे नंतर येतो.

डब्यांवरचे आकडे लिहून पाठवलेस ते बरं केलंस, बहुतेक जण नुसतं ‘ओसी’ लिहून मोकळे होतात. २,४९७ आणि २,५९५ यांत फरक ९८ मेगाहर्ट्झचा. म्हणजे चार टक्क्यांना थोडा कमी. पैशांतला फरक एकवीस टक्क्यांचा. (त्या ६,३०० मधले साधारण ९६० रुपये तर जीएसटीचेच.) चार टक्क्यांसाठी एकवीस टक्के, इथेच खरं तर हिशोब संपायला हवा होता. पण ते चार टक्केही पडद्यापर्यंत पोचत नाहीत, आणि का पोचत नाहीत हे एकदा समजून घेतलंस तर पुढच्या कार्डाच्या वेळी कोणाला विचारावं लागणार नाही.

२०१२ च्या मार्चमध्ये एनव्हिडियाचं जीटीएक्स ६८० आलं आणि त्याबरोबर ‘जीपीयू बूस्ट’ आलं. त्याआधी गेम चालू झाला की चिप एका ठरलेल्या वेगावर पळायची, डब्यावर असेल त्या. बूस्ट आल्यापासून चिप स्वतःच स्वतःला ओव्हरक्लॉक करते. आपण किती वॅट ओढतोय, किती तापलोय, किती व्होल्टेज मिळतंय हे ती सतत बघत असते आणि जागा दिसली की वेग वाढवत नेते. यातली एखादी मर्यादा आडवी आली की थांबते, एक-दोन पायऱ्या खाली येते, पुन्हा चढते. ही एकेक पायरी अगदी थोड्या मेगाहर्ट्झची असते. म्हणून तुझ्या ‘साध्या’ कार्डावर गेम चालू करून कोपऱ्यात वेगाचा आकडा लावलास, तर तो २,६०० च्या पुढे गेलेला दिसेल. दचकू नकोस, कार्ड बिघडलेलं नाही. डब्यावरचा आकडा त्याने कधीच मागे टाकलेला असतो, आणि ओसी कार्डाच्या डब्यावरचाही.

मग कारखान्यात ओसी करतात म्हणजे काय करतात? त्या चढणीची सुरुवात थोडी वर सरकवतात. पण वॅटची मर्यादा जवळपास तीच राहते. कन्नडच्या घाटात दोन एसट्या लागल्या आणि एकीने पायथा जरा आधी सोडला, तरी चढावर दोघींचं इंजिन सारखंच धापा टाकतं. शिवाय या कार्डांवर मेमरीचा वेग बहुतेक वेळा वाढवलेला नसतोच. चिपने कितीही घाई केली तरी तिला माल मेमरीकडूनच यायचा असतो. या सगळ्यातून गाळून खाली जे पडतं ते असं: साध्या कार्डावर जिथे सेकंदाला ६० फ्रेम, म्हणजे ६० चित्रं, मिळतात तिथे ओसीवर ६१-६२. एक फ्रेम १६.७ मिलिसेकंदांऐवजी १६.१ मध्ये तयार. अर्ध्या मिलिसेकंदाचा हा फरक डोळ्याला दिसला असं कोणी शपथेवर सांगितलं, तरी मी ती शपथ मोजणार नाही.

तुझ्या घरी तर याहून मजेशीर प्रकार होणार आहे. तुझा मॉनिटर ७५ हर्ट्झचा. सेकंदाला ७५ वेळाच तो चित्र बदलतो. कार्डाने ११० फ्रेम काढल्या काय आणि ११४ काढल्या काय, तुला पंचाहत्तरच दिसणार. उरलेल्या फ्रेम म्हणजे पंगतीत कोणी बसलेलं नसताना वाढलेली पानं. एनव्हिडियाच्या कंट्रोल पॅनेलमध्ये जास्तीत जास्त फ्रेम किती काढायच्या ते ठरवता येतं. तिथे ७५ टाक. मग बहुतेक गेममध्ये दोन्ही कार्डांचं चित्र तंतोतंत एक होईल, आणि कार्ड दर फ्रेमनंतर क्षणभर दम खाईल. जळगावच्या उन्हाळ्यात त्या दम खाण्याचं मोल काय असतं, ते मी तुला सांगायला नको.

आता तुझ्या मामेभावाबद्दल. त्याची चेष्टा करू नकोस. त्याचं वय पस्तिशीच्या आसपास असेल, तर तो शिकला तेव्हा हे ज्ञान बरोबर होतं. १९९८ मध्ये इंटेलचा सेलेरॉन ३००ए नावाचा स्वस्त प्रोसेसर आला होता. मदरबोर्डवर बसचा (प्रोसेसर आणि बाकी भागांमधल्या मार्गाचा) वेग ६६ वरून १०० मेगाहर्ट्झ केला की तीनशे मेगाहर्ट्झची चिप साडेचारशेवर पळायची, दीडपट, आणि तीही फुकट. आमच्या पिढीला ओव्हरक्लॉकिंगचं वेड तिथून लागलं. तेव्हा आम्ही मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर प्रोसेसर घ्यायला जायचो आणि उकाड्याने बेजार झालेल्या दुकानदाराला डबा पालटून पालटून त्यावरचा कोड दाखवायला लावायचो, कारण कुठल्या आठवड्यातला माल जास्त पळतो याच्या वदंता असायच्या. पुढे २०१० मध्ये जीटीएक्स ४६० आलं. त्याचा मूळ वेग ६७५ मेगाहर्ट्झ, आणि कंपन्यांनी कारखान्यातून ओसी करून विकलेली त्याची कार्डं थेट ८५० पर्यंत गेली होती. पंचवीस टक्क्यांहून जास्त! तसलं ओसी कार्ड घेणारा शहाणाच ठरायचा. कारण चिप बनवणारे तेव्हा बरीच जागा मोकळी सोडत, आणि ती जागा जो वापरील त्याची. बूस्ट आल्यावर ती जागा चिपच वापरू लागली. दरवर्षी थोडी थोडी करत उरलेलीही संपत आली. ‘ओसी’ ही अक्षरं मात्र डब्यावर तशीच राहिली. वाडा विकला तरी ‘सरदार’ म्हणवून घेणं चालूच असतं, तसं.

ओसी कार्डात चिप निवडून, पारखून घातलेली असते असंही दुकानात सांगतात. यात अगदीच तथ्य नाही असं नाही. सिलिकॉनच्या एकाच तबकडीतून कापलेल्या दोन चिप तंतोतंत सारख्या नसतात. २०१८ मध्ये आरटीएक्स २०८० आणि २०७० च्या वेळी तर एनव्हिडियानेच चिप दोन प्रतींत विकल्या होत्या, आणि कारखान्यात ओसी करायला फक्त वरच्या प्रतीची मुभा होती. पुढे ती वाटणी बंद झाली. आजही लाखाच्या वरच्या दिखाऊ कार्डांत निवड होत असेल. पण तीस-पस्तीस हजारांच्या कार्डात ९८ मेगाहर्ट्झ वाढवायला पारखलेली चिप लागत नाही. तेवढं जवळजवळ प्रत्येक चिप हसतखेळत करते.

ते तूही करू शकतोस, हेच तर यातलं गुपित. एमएसआय आफ्टरबर्नर नावाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं आणि कार्ड कुठल्याही कंपनीचं असलं तरी चालतं. कोअर क्लॉकच्या पट्टीवर १०० लिही, बरोबरची खूण दाब, झालं तुझं ओसी कार्ड. जमलं नाही तर गेम बंद पडेल किंवा स्क्रीन क्षणभर काळी होईल, तेव्हा परत शून्यावर आण. व्होल्टेजच्या पट्टीला मात्र हात लावू नकोस. हे सगळं अर्ध्या तासाचं काम आहे, आणि त्याचे कोणी ६,३०० मागितले तर आपण हसू. काही कंपन्या तर डब्यावर जो मोठा आकडा छापतात, तो त्यांचं स्वतःचं सॉफ्टवेअर टाकून ‘ओसी मोड’ चालू केल्यावरच मिळतो. डब्यातून काढून नुसतं लावलेलं कार्ड त्याच्या खालच्या आकड्यावर चालतं. म्हणजे पैसे कंपनीला, आणि बटण दाबायचे कष्ट आपल्याला.

वडिलांचं म्हणणं मी बाजूला टाकणार नाही. ‘जळणार’ हे खरं नाही. कारखान्यातला ओसी वॉरंटीत बसतो, आणि व्होल्टेजला चिपमध्येच कुलूप आहे. पण ‘ताणलेलं’ हे त्यांनी बरोबर ओळखलं. चिपला लागणारी वीज वेगाच्या पटीत वाढते आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत. म्हणून शेवटच्या दोन-चार टक्के वेगासाठी वॅट भरमसाट मोजावे लागतात, आणि कधी कधी तोल जातो. २०२० च्या सप्टेंबरात आरटीएक्स ३०८० बाजारात आलं, तेव्हा कारखान्यातून ओसी होऊन आलेली बरीच कार्डं २,००० मेगाहर्ट्झच्या आसपास पोचली की गेम बंद पाडत होती. लोकांनी कार्डामागचे कपॅसिटर मोजायला सुरुवात केली. शेवटी एनव्हिडियाने ४५६.५५ हा ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) आणला तेव्हा बहुतेकांचा त्रास थांबला.

माझी स्वतःचीही एक गोष्ट आहे. दहा-बारा वर्षांपूर्वी मी एक ओसी कार्ड घेतलं, कंपनीचं नाव घेत नाही. गेम सुरू करून वीसेक मिनिटं झाली की स्क्रीन काळी व्हायची आणि पंखे कुकरच्या शिट्टीसारखे ओरडायचे. मी रॅम काढून खोडरबराने पुसून परत घातली. विंडोज दोनदा टाकली. दुकानदाराने केबल बदलून दिली, वर ‘तुमच्याकडची लाइट खराब’ असं निदानही केलं. तीन आठवड्यांनी काही सुचेना म्हणून क्लॉक पन्नास मेगाहर्ट्झने खाली ओढलं, आणि दुखणं गेलं. जास्तीचे पैसे देऊन आणलेलं ओसी मी माझ्याच हाताने काढून टाकलं, आणि पुढची चार वर्षं ते कार्ड साध्या कार्डासारखं गुपचूप चाललं. तेव्हा वडिलांना सांग की त्यांचं अर्धं बरोबर आहे. विजेच्या बिलाची मात्र काळजी नको. ओसीने पंधरा वॅट जास्त ओढले आणि तू रोज तीन तास खेळलास, तरी वर्षाला सोळा-सतरा युनिट.

आता तो तिसरा पंखा.

जास्तीच्या पैशांत तुला खरोखर हाताला लागेल अशी वस्तू मिळते ती कूलर. मोठा हीटसिंक (चिपची उष्णता ओढून घेणारा धातूचा ठोकळा), जास्त तांब्याच्या नळ्या, सावकाश फिरणारे पंखे. कार्ड थंड राहिलं की बूस्ट थोडा वर टिकतो, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे आवाज कमी होतो. पुण्यातल्या मामेभावाच्या खोलीत डिसेंबरात पंचवीस अंश असतील, तुझ्या खोलीत मे महिन्यात दुपारी चाळीसच्या पुढे. हवेवर थंड होणारी वस्तू खोलीच्या हवेपेक्षा थंड होऊ शकत नाही. खोली पंधरा अंशांनी तापली की कार्डही साधारण पंधरा अंशांनी वर जातं. पुण्यात ६५ वर चालणारं कार्ड जळगावात ८० वर. त्यामुळे तुझ्या गावाला ‘ओसी आहे का’ या प्रश्नापेक्षा ‘कूलर कसा आहे’ हा प्रश्न शंभर पटींनी लागू आहे.

तरीही तुझ्या बाबतीत तिसऱ्या पंख्यासाठी ६,३०० मोजू नयेत असंच मी म्हणेन, कारण ५०६० हे मुळात १४५ वॅटचं कार्ड आहे. एवढी उष्णता दोन बऱ्या पंख्यांचा कूलर आरामात उपसतो. ज्यांना २५०-३०० वॅटचं कार्ड घ्यायचंय, म्हणजे ५०७०, ५०७० टीआय वगैरे, त्यांनी मात्र कूलरसाठी पैसे मोजायला कचरू नये. तिथे स्वस्त कूलरचं कार्ड आणि बऱ्या कूलरचं कार्ड यांतला फरक घरातल्या प्रत्येकाला ऐकू येतो. अशी कार्डं बहुधा ओसीच निघतात, कारण चांगला कूलर लावल्यावर कंपनी डब्यावर ओसी लिहिल्याशिवाय राहत नाही. तेव्हा घ्यावं ओसी, पण कूलरसाठी.

तू कॅबिनेटबद्दल लिहिलं नाहीस. पुढून अख्खी काच असलेलं असेल, तर तिसरा पंखा कार्डाला बसवून उपयोग नाही. तो आतली तीच गरम हवा ढवळत बसेल. कॅबिनेटला पुढून हवा आत घेणारा १२० मिलिमीटरचा एक पंखा आणि मागून बाहेर टाकणारा एक, हे शे-पाचशे रुपयांचं काम आहे. आणि तुमच्याकडची धूळ! दर दोन महिन्यांनी ब्लोअर मार. मारताना कार्डाचा पंखा बोटाने धरून ठेव, भिंगरीसारखा फिरू देऊ नकोस. उन्हाळ्यात तर ओसीच्या बरोबर उलटं करून बघ: आफ्टरबर्नरमध्ये पॉवर लिमिट ९० टक्क्यांवर आण. १४५ चे १३० वॅट होतील, दोन-तीन फ्रेम जातील, त्याही तुझ्या ७५ च्या मॉनिटरवर बहुतेकदा कळणार नाहीत, आणि खोलीतला हीटर थोडा मंद होईल.

दुकानदाराचं ‘पाच वर्षं बघायला नको’ हे वाक्य मात्र मला चिडवून गेलं. पाच वर्षांनी तुझं कार्ड जुनं पडेल ते ९८ मेगाहर्ट्झ कमी पडले म्हणून नाही, ८ जीबी मेमरी कमी पडली म्हणून. ती दोन्ही डब्यांत आठच आहे. साधं आणि ओसी एकाच दिवशी म्हातारी होणार.

आणि तुझ्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तू जाता जाता सांगून गेलास: रायझेन ५ ५६००जी. हा प्रोसेसर कार्डाशी पीसीआय एक्स्प्रेसच्या, म्हणजे कार्ड आणि कॉम्प्युटर यांच्यातल्या माल वाहणाऱ्या रस्त्याच्या, तिसऱ्या पिढीवर बोलतो, मदरबोर्ड कितीही नवा असला तरी. ५०६० चा रस्ता आठ पदरी आहे, पाचव्या पिढीचा. पाचव्या पिढीच्या मदरबोर्डावर आठ पदर पुष्कळ झाले. पण तुझ्याकडे तोच आठ पदरी रस्ता तिसऱ्या पिढीचा होणार, म्हणजे सेकंदाला जेमतेम ८ जीबी. कार्डाची स्वतःची मेमरी ४४८ च्या वेगाने माल देते. कार्डातल्या ८ जीबीत गेम मावतोय तोवर काही जाणवणार नाही. मावेनासा झाला की उरलेला माल कॉम्प्युटरच्या रॅममधून त्या अरुंद रस्त्याने यायला लागतो, आणि गेम अडखळतो. सरासरी फ्रेम बऱ्या दिसतात, पण वळणावर हिसका बसतो. ओसीने मिळणारे दोन टक्के या एका हिसक्यात वाहून जातात. म्हणजे तुझ्यासारख्याला जास्तीचे पैसे घालायचेच असतील, तर ते मेगाहर्ट्झवर न घालता मेमरीवर आणि रस्त्याच्या रुंदीवर घालायला हवेत.

म्हणून ओसीचा डबा क्षणभर बाजूला ठेव आणि एएमडीच्या आरएक्स ९०६० एक्सटी, १६ जीबी, या कार्डाचा भाव विचार. त्याला मेमरी दुप्पट आहे आणि रस्ता सोळा पदरी. अमेरिकेत दोन्ही कार्डं २०२५ च्या मे-जूनमध्ये आली तेव्हा ५०६० ची किंमत २९९ डॉलर होती आणि याची ३४९. आपल्याकडे भाव आठवड्याला बदलतात, म्हणून मी आकडा सांगत नाही. पण ओसी ५०६० ला तू ३५,८०० द्यायला निघालास, त्याच्या हजार-दोन हजार इकडेतिकडे हे बसत असेल तर विचारसुद्धा करू नको, हे घे. ८ जीबीचं ९०६० एक्सटीसुद्धा मिळतं, डबा सारखाच दिसतो, तेव्हा डब्यावरचं १६ नीट वाच. अडचण एकच, व्हिडिओ एडिटिंगची. काही सॉफ्टवेअरची एनव्हिडियाशी मैत्री जास्त आहे. तू लग्नाचे व्हिडिओ पैसे घेऊन करायला लागणार असशील, तर तुझं सॉफ्टवेअर कशावर जास्त पळतं ते आधी बघ. वर्षातून चार लग्नं आणि तीही मित्रांची, एवढंच असेल तर त्यासाठी कार्ड निवडू नकोस.

५०६० च घ्यायचं ठरलं, तर साधं घे आणि ६,३०० खिशात ठेव. तशी ती रक्कम फार दिवस खिशात राहणार नाही, कारण पत्रात तू एसएमपीएसचा, म्हणजे कॉम्प्युटरला वीज पुरवणाऱ्या डब्याचा, उल्लेखच केलेला नाहीस, आणि ग्राफिक्स कार्डाविना जुळवलेल्या कॉम्प्युटरमध्ये काय एसएमपीएस बसवतात ते मला माहीत आहे. एनव्हिडिया ५०६० साठी ५५० वॅटचा सांगते. कॅबिनेटबरोबर फुकट आलेल्या डब्यावर ‘४५० वॅट’ लिहिलेलं असलं तरी ते लिहिलेलंच असतं. नाव असलेल्या कंपनीचा, ८० प्लस ब्राँझचा (वीज कमी वाया घालवतो असा शिक्का असलेला) ५५० किंवा ६५० वॅटचा एसएमपीएस या पैशांत बसेल आणि थोडे उरतीलही. उरलेल्यात कॅबिनेटचे पंखे घे. आणि कॅबिनेटला हात लावल्यावर बोटांना झिणझिण्या येत असतील, तर वायरमनला बोलावून आधी अर्थिंग बघून घे. त्याआधी तीस हजारांचं कार्ड आत घालू नकोस.

इतर वाचकांसाठी, ज्यांची पत्रं थोड्याफार फरकाने अशीच येतात: एकाच कंपनीचं, एकाच कूलरचं कार्ड साधं आणि ओसी अशा दोन नावांनी असेल, तर ओसीला पाचशेच्या वर एक रुपया देऊ नका. कूलर उघड उघड मोठा असेल, वॉरंटी एखादं वर्ष जास्त असेल किंवा सर्व्हिस सेंटर तुमच्याच शहरात असेल, तर तीस हजारांच्या कार्डाला हजार-दीड हजार जास्त देणं मी समजू शकतो. कधी सेलमध्ये ओसीच साध्यापेक्षा स्वस्त मिळतं, तेव्हा बिनधास्त घ्या, ओसी असणं हा काही दोष नाही. पण जास्तीच्या पैशांत एक पायरी वरची चिप येत असेल तर ओसीचा विषयच संपला. ५०६० टीआयमध्ये ४,६०८ कोअर आहेत, म्हणजे २० टक्के जास्त. कुठलाही कारखाना ओसी करून तेवढं देऊ शकत नाही.

मित्रा, तुझ्यापुरतं शेवटचं. आज ऑफिसातून घरी गेलास की कॅबिनेटची बाजूची पट्टी उघड. एसएमपीएसवरच्या स्टिकरचा मोबाइलवर फोटो काढ, त्यातून निघालेल्या वायरींत कार्डासाठीचा आठ पिनचा कनेक्टर आहे का तेही बघ. कार्ड बसेल त्या जागेची लांबी टेपने मोज, तीन पंख्यांची कार्डं लहान कॅबिनेटमध्ये हार्डडिस्कच्या कप्प्याला अडतात. शनिवारी दुकानात जाशील तेव्हा हा फोटो आणि माप बरोबर ने, डबा समोर उघडायला सांग, कार्डावरचा सिरियल नंबर डब्यावरच्या नंबराशी जुळवून बघ आणि तोच नंबर पक्क्या बिलावर लिहून घे.